तंतुकणिकांवर सत्ता कोणाची?

१९६७ साली दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखकांचा एकमेकांच्या कामाशी काही संबंध नव्हता. पहिला निबंध लिन मार्ग्युलिस यांचा. त्या तेव्हा लिन सेगन या नावाने लिहीत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मुळात स्वतंत्र जिवाणू होते आणि अतिप्राचीन काळी दुसऱ्या एका पेशीत शिरून तिथलेच होऊन राहिले, असे त्यांनी मांडले. दुसरा निबंध सेंट लुइस येथील जॉन होलोझी यांचा. त्यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे पळवले आणि मग त्यांचे स्नायू तपासले. पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता बैठ्या उंदरांच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचले की एक अडचण उभी राहते. जो घटक एकेकाळी स्वतंत्र जीव होता, ज्याच्याजवळ आजही स्वतःचा डीएनए आहे आणि प्रथिने घडवण्याची स्वतःची यंत्रणाही आहे, तो उंदीर पळू लागला म्हणून वाढतो कसा? पळण्याची बातमी त्याला कोण देते, आणि किती वाढायचे हे कोण ठरवते? या प्रकरणात मी एकच मत मांडणार आहे. हा निर्णय केंद्रकात होतो आणि तेथील जनुक-नियंत्रक प्रथिने तो अमलात आणतात. मात्र या प्रथिनांची सत्ता चालते ती तंतुकणिकेकडून येणाऱ्या खबरीच्या आधारावर. ती खबर थांबली तर हुकमाला अर्थ उरत नाही.

आधी मालमत्तेचा हिशेब पाहू. फ्रेडरिक सँगर यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेतून १९८१ साली मानवी तंतुकणिकेच्या डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. हा डीएनए गोल आहे. त्यात १६,५६९ अक्षरजोड्या आणि अवघी ३७ जनुके. त्यांपैकी २४ जनुकांतून निघतात ते प्रथिने घडवायला लागणारे आरएनए. प्रत्यक्ष प्रथिनांच्या कृती फक्त १३. याउलट मानवी तंतुकणिकांत मिळून ज्या प्रथिनांची नोंद झाली आहे ती अकराशेच्या पुढे जाते. म्हणजे शंभरातील एखादे प्रथिन घरचे, बाकी सगळी केंद्रकातील जनुकांवरून पेशीद्रवात तयार होऊन बाहेरून आत येणारी. जिवाणू-पूर्वजाची जनुके काळाच्या ओघात एक तर हरवली किंवा केंद्रकात जाऊन बसली. संस्थान खालसा झाल्यावर संस्थानिकाकडे वाडा आणि थोडे मानपान उरावे, तशी ही स्थिती वाटते. पण ही तुलना पुरती लागू होत नाही, कारण उरलेली १३ प्रथिने शोभेची नाहीत. श्वसनसाखळीतील, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेतील, पाच मोठ्या प्रथिनसंकुलांपैकी चारांच्या गाभ्यात ती बसतात: पहिल्यात सात, तिसऱ्यात एक, चौथ्यात तीन आणि एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू तयार करणाऱ्या पाचव्यात दोन. दुसरे संकुल तेवढे संपूर्णपणे केंद्रकाच्या मालकीचे. बाकी प्रत्येक संकुलात दोन ठिकाणच्या जनुकांवरून आलेले भाग एकमेकांत चपखल बसावे लागतात. एकीकडचे जास्त आणि दुसरीकडचे कमी झाले तर अर्धवट जुळलेले, निरुपयोगी आणि प्रसंगी घातक भाग साचतात. त्यामुळे नियंत्रणाचा प्रश्न नुसत्या ‘वाढवा’ किंवा ‘थांबवा’ एवढ्यावर सुटत नाही. दोन्हीकडचे प्रमाण सांभाळणे हा खरा पेच आहे.

केंद्रकातील ही शेकडो जनुके एकाच गुणसूत्रावर रांगेने बसलेली असती तर काम सोपे होते. ती सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. मग ती एकदम जागी कशी होतात? याचे पहिले ठोस उत्तर शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रिचर्ड स्कारपुला यांच्या प्रयोगशाळेतून १९८९च्या सुमारास आले. सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतील एक छोटे प्रथिन. त्याच्या जनुकाच्या अलीकडचा, जनुक केव्हा वाचायचे हे ठरवणारा पट्टा तपासताना त्यांना एक विशिष्ट अक्षरक्रम आणि त्याला चिकटणारे एक प्रथिन सापडले. या प्रथिनाला एनआरएफ-१ असे नाव पडले. महत्त्वाची गोष्ट पुढे कळली. तोच अक्षरक्रम श्वसनसाखळीच्या इतर अनेक जनुकांपाशी होता, आणि तंतुकणिकेचा डीएनए वाचायला व त्याच्या प्रती काढायला जी प्रथिने लागतात त्यांच्या जनुकांपाशीही होता. पाठोपाठ एनआरएफ-२ हे दुसरे प्रथिन मिळाले. पत्ते वेगवेगळे पण दाराची खूण एकच, म्हणून एका प्रथिनाला एका वेळी अनेक दारे उघडता येतात. उंदरांतून एनआरएफ-१चे जनुक काढून टाकले तेव्हा त्यांचे गर्भ पहिल्या आठवड्यातच मेले आणि त्यांच्या पेशींत तंतुकणिकेचा डीएनएही घटलेला आढळला. केंद्रकात बसणारे एक प्रथिन गेले आणि केंद्रकाबाहेरचा डीएनए आटला, ही या प्रकरणातील पहिली भक्कम साक्ष.

पण एनआरएफ-१ला तरी कोण सांगते? १९९८ साली ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने, पेरे पुइग्सर्व्हर यांच्या पुढाकाराने, तपकिरी मेदात एक प्रथिन शोधले. तपकिरी मेद म्हणजे थंडीत स्वतः ऊर्जा जाळून उष्णता निर्माण करणारी चरबी. उंदीर गारठ्यात ठेवला की या चरबीत हे प्रथिन झपाट्याने वाढत होते. त्याचे नाव पीजीसी-१ अल्फा. ते स्वतः डीएनएला चिकटत नाही. जे चिकटलेले आहेत त्यांच्याशी हातमिळवणी करून ते त्यांचे बळ वाढवते, आणि नेमके म्हणूनच ते एकाच वेळी अनेक नियंत्रकांना कामाला लावू शकते. पुढच्याच वर्षी दिसले की स्नायूपेशींत पीजीसी-१ अल्फा वाढवले की एनआरएफ-१ आणि एनआरएफ-२ दोन्ही वाढतात, एनआरएफ-१ला या प्रथिनाची थेट साथ मिळते आणि तंतुकणिका संख्येने वाढतात. २००२ साली उंदरांच्या पांढरट, लवकर थकणाऱ्या स्नायूंत हे जनुक जास्त चालवले तेव्हा ते स्नायू लालसर झाले आणि जास्त वेळ काम करू लागले. होलोझींच्या पळणाऱ्या उंदरांचे कोडे इथे उलगडू लागते. स्नायू आकुंचन पावताना पेशीत कॅल्शियम वाढते, एटीपी खर्च होऊन त्याचा अवशेष असलेला एएमपी साचतो, आणि एएमपीची जाणीव असलेले एएमपीके हे विकर पीजीसी-१ अल्फावर फॉस्फेटची खूण करून त्याला चेतवते. उपाशीपोटी चेतणारे एसआयआरटी-१ हे विकर त्याच्यावरच्या दुसऱ्या रासायनिक खुणा पुसते. थंडी, भूक आणि श्रम या तीन अगदी वेगळ्या अवस्था. तिन्ही शेवटी याच प्रथिनापाशी येऊन मिळतात.

आता सीमा ओलांडण्याची गोष्ट. केंद्रकाने आपल्या बाजूची प्रथिने वाढवली, पण तंतुकणिकेतली १३ जनुके तिच्याच आत आहेत. त्यांना वाढवायचे तर आत माणूस पाठवावा लागतो. हे काम टीफॅम या प्रथिनाचे. त्याचे जनुक केंद्रकात, आणि ते चालवणाऱ्यांत एनआरएफ-१ व एनआरएफ-२ आहेत. ते पेशीद्रवात घडते. त्याच्या टोकाला पत्त्यासारखा एक तुकडा असतो, आत शिरल्यावर तो कापला जातो. आत गेल्यावर ते डीएनएला जवळजवळ पूर्ण उलटे वळवते. २०११ साली त्याची स्फटिकरचना मिळाली तेव्हा हे वळण अणूंच्या पातळीवर दिसले. या वळणापाशी वाचनाचा आरंभ होतो. त्याखेरीज हजारो टीफॅम रेणू डीएनएवर पसरून त्याला गुंडाळून ठेवतात, म्हणजे वाचनही तेच सुरू करते आणि जपणूकही तेच करते. १९९८ साली उंदरांतून टीफॅमचे जनुक पूर्ण काढले तेव्हा तंतुकणिकेचा डीएनए नाहीसा झाला आणि गर्भ अकराव्या दिवसापर्यंतही टिकले नाहीत. जाता जाता एक मौज सांगायला हवी. तंतुकणिकेचा डीएनए वाचणारे मुख्य विकरही केंद्रकातील जनुकावरून येते, आणि त्याचे नाते जिवाणू-पूर्वजाच्या विकराशी नाही, तर जिवाणूंना ग्रासणाऱ्या टी-७ या विषाणूच्या विकराशी जुळते. जुन्या मालकाची वाचनयंत्रणा कधीच मोडीत निघाली आणि तिच्या जागी तिसऱ्याचीच आली.

इथवरचा पुरावा वाचून कोणी म्हणेल की मग तंतुकणिकेचा डीएनए केवळ नामधारी आहे. हा आक्षेप उलट बाजूने जास्त जोरात येतो: तसे असेल तर त्यातील एका अक्षराच्या बदलाने माणूस आंधळा कसा होतो? १९८८ साली डग्लस वॉलेस यांच्या गटाने लेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक अंधत्वाचे कारण दाखवले. तंतुकणिकेच्या डीएनएतील एका जागी एक अक्षर बदलले की तरुणपणी, बहुधा काही आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी जाते. हा डीएनए फक्त आईकडून येत असल्याने दोष मातृवंशाने उतरतो. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु याच आजारात एक विलक्षण गोष्ट आहे. एकाच घरात, तोच बदल जवळजवळ सर्व प्रतींमध्ये असूनही, दोष असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांचीच दृष्टी जाते आणि स्त्रियांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहते. डीएनए सारखाच, नशीब वेगळे. २०१४ साली इटालियन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिसले की दोष असूनही डोळस राहिलेल्या व्यक्तींच्या पेशींत तंतुकणिकेच्या डीएनएच्या प्रती आणि तंतुकणिकांची एकूण संख्या जास्त होती. दोष असलेला माल जास्त प्रमाणात तयार करून पेशी आपली गरज भागवत होती. हे जास्त तयार करणे केंद्रकाच्या हाती असते. म्हणून माझ्या दृष्टीने हा आजार तंतुकणिकेच्या स्वायत्ततेपेक्षा दोन्ही बाजूंच्या परस्परावलंबनाचा पुरावा ठरतो.

दुसरा आक्षेप पीजीसी-१ अल्फाच्या बडेजावाला आहे. शास्त्रीय नियतकालिकांत त्याला वर्षानुवर्षे ‘मुख्य नियंत्रक’ म्हटले गेले. मग त्याचे जनुक काढलेला उंदीर मरायला हवा होता. २००४ आणि २००५ साली असे उंदीर तयार झाले आणि ते जगले. थंडी त्यांना सोसत नव्हती, श्रमाने ते लवकर थकत, पण तंतुकणिका होत्या आणि त्या चालत होत्या. २००८ साली डेन्मार्कमधील एका गटाने असे उंदीर नियमित पळवले तर त्यांच्या स्नायूंतही श्वसनाची काही प्रथिने वाढली. ‘मुख्य’ हे बिरुद इथे फिके पडते, आणि पडायलाच हवे होते. मात्र त्याच वर्षी पीजीसी-१ अल्फा आणि त्याचे भावंड पीजीसी-१ बीटा ही दोन्ही प्रथिने नसलेले उंदीर पाहिले गेले. ते जन्मानंतर लवकरच हृदय निकामी होऊन मेले. एक गेला तर दुसरा सांभाळून घेतो. केंद्रकाचे नियंत्रण एका सिंहासनावर बसलेले नसून अनेकांच्या हातांत वाटलेले आहे, एवढाच याचा अर्थ. नियंत्रण नाही असा नव्हे. यीस्टवरच्या २०१६ सालच्या एका प्रयोगाने आणखी एक सुधारणा सुचवली. अन्न बदलल्यावर केंद्रकातील आणि तंतुकणिकेतील जनुकांचे वाचन एका तालात वाढले नाही, पण त्यांवरून प्रथिने घडवण्याचा वेग मात्र एका तालात बदलला आणि तिथेही पुढाकार बाहेरच्या बाजूचाच होता. जनुक-नियंत्रक प्रथिने लांब पल्ल्याचे प्रमाण ठरवतात, मिनिटामिनिटाचे प्रमाण प्रथिने घडतानाच जुळवले जाते, असे यावरून मानायला हरकत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत आणखी एक दावा पुढे आला आहे आणि तो ऐकायला फार मोहक आहे. केंद्रकातील नेहमीचे नियंत्रक स्वतःच तंतुकणिकेत जाऊन तिथे थेट काम करतात, असे तो सांगतो. कर्करोगाच्या अभ्यासात नावाजलेले पी-५३, दाह आणि वाढीच्या संदेशांशी जोडलेले स्टॅट-३, मेंदूतील पेशींत काम करणारे एमईएफ-२डी, अशी यादी लांबत जाते. २००९ साली एका गटाने दाखवले की स्टॅट-३ नसलेल्या पेशींत श्वसनसाखळीचे पहिले आणि दुसरे संकुल मंदावते, आणि डीएनएला न चिकटू शकणारे स्टॅट-३ तंतुकणिकेत धाडले तर ते पुन्हा सुधारते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने साधे मोजमाप केले. हृदयाच्या तंतुकणिकेत पहिल्या संकुलाच्या सुमारे एक लाख नगांमागे स्टॅट-३चा एखादा रेणू सापडत होता. एक रेणू लाख यंत्रांना चिकटून त्यांचा वेग बदलणार नाही. स्टॅट-३चा परिणाम खोटा आहे असे यातून सिद्ध होत नाही. पण तो होण्याची पद्धत सांगितली गेली तशी नसावी, हे नक्की. डीएनएवर कोण कुठे चिकटते याच्या मोठ्या सर्वेक्षणांतही अशीच सावधगिरी लागते. तंतुकणिकेच्या डीएनएचे जुने तुकडे केंद्रकातील गुणसूत्रांतही विखुरलेले आहेत, त्यामुळे एकाचे चिन्ह दुसऱ्याच्या खात्यावर सहज जमा होते. २०१४ साली झालेल्या अशा एका पाहणीत शंभरहून अधिक नियंत्रक तपासले, तेव्हा मोजक्याच प्रथिनांच्या खुणा तंतुकणिकेच्या डीएनएवर ठामपणे दिसल्या. शिवाय आतली जनुके दोन लांब पट्ट्यांत सलग वाचली जातात, त्यामुळे एखाद्या पाहुण्या प्रथिनाने एकच जनुक निवडून वाढवावे याला तिथे फारसा वावही नाही. माझा कौल असा: टीफॅम आत जाते याबद्दल शंका नाही, बाकीच्यांनी आधी आपली संख्या दाखवावी. पी-५३चे उदाहरण यात बोलके आहे. २००६ साली कळले की ते श्वसन वाढवते ते केंद्रकात राहूनच, चौथे संकुल जुळवायला लागणाऱ्या एससीओ-२ या प्रथिनाचे जनुक चालवून. आत न जाताही काम होते.

उलट दिशेने येणाऱ्या खबरीचा पुरावा मात्र मला अधिक पटतो, कारण त्याची यंत्रणा स्वच्छ आहे. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा किडा. त्याच्यातील एटीएफएस-१ या नियंत्रकाजवळ दोन पत्ते असतात, एक तंतुकणिकेचा आणि एक केंद्रकाचा. कोल हेन्स यांच्या गटाने २०१२ साली दाखवले की तंतुकणिका निरोगी असेल तर हे प्रथिन आत ओढले जाते आणि तिथे त्याची वासलात लागते. तंतुकणिका आजारी असेल तर बाहेरची प्रथिने आत घेण्याचा तिचा जोर कमी होतो, एटीएफएस-१ दाराशीच अडकते, दुसरा पत्ता वाचून केंद्रकात जाते आणि दुरुस्तीची जनुके चालवते. इथे निरोप्या वेगळा नाही; जे प्रथिन आत जाऊ शकले नाही तेच बातमी ठरते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत एटीएफ-५ हे प्रथिन हीच भूमिका वठवू शकते असे २०१६ साली दिसले. एएमपीकेचे उदाहरणही या नजरेने पुन्हा पाहता येईल. एएमपी साचतो तो तंतुकणिकांचे उत्पादन खर्चाला पुरत नाही म्हणून; म्हणजे पीजीसी-१ अल्फाला चेतवणारी बातमी तंतुकणिकांच्याच कामाच्या तुटीतून येते. केंद्रक हुकूम सोडते, पण तो बहुतेक वेळा तंतुकणिकेच्या तक्रारीवरचा निकाल असतो.

हे सगळे समजल्यावर औषधाची कल्पना सुचणे साहजिक होते. पीजीसी-१ अल्फा वाढवणारी गोळी द्यावी, तंतुकणिका वाढतील, थकवा आणि म्हातारपण हटेल. तंतुकणिका ‘वाढवणाऱ्या’ पुड्या आणि गोळ्या आज सर्रास विकल्या जातात, त्यांच्या जाहिराती याच तर्कावर उभ्या असतात. त्यांत अनेकदा एनआरएफ-२ हे नाव असते. ते बहुधा पेशीला विषारी द्रव्यांपासून वाचवणाऱ्या वेगळ्याच प्रथिनाचे असते, स्कारपुलांच्या एनआरएफ-२चे नव्हे. या तर्काला प्रयोगांनी काय उत्तर दिले ते पाहावे. २००० साली उंदरांच्या हृदयात पीजीसी-१ अल्फा मोकाट चालवले, तेव्हा तंतुकणिका इतक्या माजल्या की आकुंचन पावणाऱ्या तंतूंना जागा उरली नाही आणि हृदय फुगून निकामी झाले. २००४ साली उंदरांत मानवी टीफॅम वाढवले. तंतुकणिकेच्या डीएनएच्या प्रती वाढल्या, श्वसनाची क्षमता मात्र होती तेवढीच राहिली. नियंत्रणाच्या साखळीतील एक कडी बाहेरून ओढली की तक्रार आणि निकाल यांचा संबंध तुटतो, मग मिळते ती नुसती वाढ. व्यायामात हा संबंध शाबूत राहतो. माणसाच्या मांडीच्या स्नायूचा नमुना व्यायामानंतर तपासला तर काही तासांतच पीजीसी-१ अल्फाच्या जनुकाचे वाचन अनेक पटींनी वाढलेले दिसते आणि दिवसभरात ते पुन्हा खाली येते. हे चढणे आणि उतरणे दोन्ही जमेल अशी गोळी आजवर कोणीही बनवलेली नाही.